जुने डाय-कटिंग मशीन घेताना : रंग पाहू नका, दाब पाहा

मोनोकार्टनच्या धंद्यात छपाईचा वेग वाढला की अडचण पुढे सरकते आणि पंचिंगपाशी येऊन साचते. ऑफसेट मशीन तासाला आठ-दहा हजार शीट छापून मोकळे होते. हाताने शीट लावायच्या प्लेटन पंचिंगवर मात्र तासाला हजारभर शीट निघाली तरी ऑपरेटरने हात जोरात चालवला असे म्हणायचे. छापलेल्या मालाच्या थप्प्या वाढतात, औषध कंपनीचा फोन येतो, आणि मालकाच्या मनात ऑटोमॅटिक डाय-कटिंग मशीन घ्यायचा विचार येतो. नव्या युरोपीय मशीनची किंमत कोटींत असते. म्हणून भोसरी असो, वसई असो की नाशिकचे अंबड, लहान आणि मध्यम कार्टन कारखान्यांतले पहिले ऑटोमॅटिक बहुतेक वेळा जुनेच असते.

यात कमीपणा काही नाही. १८९० साली लोझानमध्ये सुरू झालेल्या बॉब्स्ट कंपनीने १९४०मध्ये ऑटोमॅटिक प्लेटन मशीन बाजारात आणले. त्यानंतर वेग वाढला, कंट्रोल बदलले, जॉब लावणे सोपे झाले. पण शीट ग्रिपरने धरायचे, प्लेटनखाली थांबवायचे, दाबायचे आणि पुढे न्यायचे, हा मूळ क्रम तोच राहिला. नीट जपलेले वीस-पंचवीस वर्षांचे मशीन आजही चोख काम देते. वाईट जपलेले आठ वर्षांचे मशीन मात्र कारखाना कर्जात बुडवू शकते. या दोहोंतला फरक ओळखायचा कसा, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

आधी आपले काम मोजा

दलालाला फोन करण्यापूर्वी गेल्या सहा महिन्यांची जॉबची वही काढा. शीटचा सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकार, बोर्डाची जाडी, एका जॉबला सरासरी किती शीट आणि दिवसाला किती जॉब बदलतात, एवढ्या गोष्टी कागदावर मांडा.

आकार तुमच्या ऑफसेट मशीनशी जुळायला हवा. २८ × ४० इंचाचे शीट छापत असाल तर १०२ सेंटिमीटर रुंदीचे मशीन हवे. बॉब्स्टच्या एसपी १०२मधला १०२ हा आकडा ही रुंदीच सांगतो. स्वस्तात मिळते म्हणून १२६ किंवा १४२चे मोठे मशीन घेतले, तर लहान शीटसाठी मोठी जागा, मोठी मोटर आणि मोठ्या चेसचा खर्च कायमचा मागे लागतो.

मग वेग. नेमप्लेटवरच्या वेगावर भाळू नका; हिशेब करा. पाच हजार शीटचा जॉब घ्या. एक मशीन तासाला सात हजारांनी चालते, पण मेकरेडीला अडीच तास खाते. म्हणजे जॉब संपायला सव्वातीन तास. दुसरे मशीन चारच हजारांनी चालते, पण सेंटर-लाइनवर डाय चटकन बसते आणि तासाभरात जॉब सुरू होतो. तोच जॉब सव्वादोन तासांत संपतो. तुमचे जॉब लहान असतील तर दुसरे मशीन घ्या. लाखाच्या वरचे जॉब रोज असतील तरच वेगासाठी जास्त पैसे मोजा.

तिसरा हिशेब दाबाचा, आणि तोच सर्वाधिक चुकतो. औषधाच्या लहान डबीला कटिंगची पट्टी अंदाजे पाऊण मीटर लागते असे धरा. शीटवर अशा चाळीस डब्या बसवल्या की एका डायमध्ये तीस मीटर कटिंग पट्टी होते, क्रीजची पट्टी वेगळीच. मोठ्या बुटाच्या खोक्याच्या दोन डब्यांना याच्या निम्मीही पट्टी लागत नाही. म्हणून लहान डब्यांचे काम करणाऱ्याला मशीनचा पूर्ण दाब लागतो आणि जुन्या प्लेटनची कमजोरी सर्वांत आधी त्यालाच जाणवते.

कोणत्या जातीचे मशीन

जुन्या बाजारात साधारण तीन जाती दिसतात. पहिली, हाताने शीट लावायची प्लेटन पंचिंग. स्वस्त, साधी, कुठलाही फिटर दुरुस्त करील अशी. थोड्या मालाला, सॅम्पलला आणि जाड पुठ्ठ्याला ती अजूनही उपयोगी आहे. पण उघड-मीट होणाऱ्या जबड्यात दर वेळी माणसाचा हात जातो, हे विसरू नका.

दुसरी, लेटरप्रेसच्या काळातली हायडेलबर्ग सिलिंडर, शाईचे रोलर काढून पंचिंगला जुंपलेली. सिलिंडर एका वेळी एकाच रेषेवर दाब देते, त्यामुळे कमी ताकदीत मोठे शीट कापले जाते आणि रजिस्टर उत्तम राहते. मात्र सिलिंडरच्या अक्षाला समांतर असलेल्या पट्ट्यांवर झटका बसतो, स्ट्रिपिंग मशीनवर होत नाही आणि वेगाला मर्यादा असते. मध्यम कामासाठी, कमी भांडवलात, ही जात वाईट नाही.

तिसरी जात ऑटोप्लेटनची : बॉब्स्ट, जपानी सानवा, स्पॅनिश इबेरिका आणि चिनी बनावटीची अनेक मशीन. इथे ब्रँड निवडताना प्रतिष्ठेपेक्षा सुट्या भागांचा विचार करा. बॉब्स्टचा पुण्याजवळ कारखाना आहे, आणि या कंपनीची मशीन भारतात इतकी पसरलेली आहेत की त्यांचे भाग आणि त्यावर हात बसलेले फिटर दोन्ही शोधता येतात. कमी माहितीच्या मशीनला ग्रिपर बार किंवा क्लच मिळायला महिना लागला, तर किमतीतली बचत त्या एका महिन्यात संपते. म्हणून मॉडेल ठरले की पैसे देण्याआधी चार भागांचे दर आणि मुदत मागवा : ग्रिपर बार, चेन, क्लच-ब्रेकची किट आणि कंट्रोल कार्ड. कोणी दर देत नसेल, तर ते मशीन सोडून द्या.

स्ट्रिपिंगचे युनिट असेल तर ते घ्याच. शीटमधला फालतू पुठ्ठा हाताने काढणाऱ्या माणसांचा पगार धरलात, तर त्या युनिटचे जास्तीचे पैसे लवकर वसूल होतात. ई-फ्लूटचे लॅमिनेटेड काम करणार असाल तर मशीन किती मिलिमीटर जाडी घेते, हे त्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये पाहा. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत फरक असतो.

तीन भाग, ज्यांवर सौदा ठरतो

रंग, गार्डवरचे पोचे, फीडरचे सकर, पंप, बेल्ट, दिवे हे सगळे दुरुस्त होते. ज्यांची दुरुस्ती मशीनच्या किमतीशी स्पर्धा करते ते भाग तीन : प्लेटन आणि तिच्याखालचे टॉगल, ग्रिपर बार आणि त्यांची चेन, आणि चेनला थांबत-थांबत पुढे नेणारा इंडेक्स गिअरबॉक्स.

प्लेटन तपासायची सोपी रीत अशी. एकाच उंचीच्या कटिंग पट्टीचे पाच छोटे सारखे तुकडे चेसच्या चार कोपऱ्यांत आणि मधोमध बसवा, त्यांवर कार्बन आणि पातळ कागद ठेवा आणि दाब शून्यापासून हळूहळू वाढवा. पाचही ठिकाणी ठसा जवळजवळ एकाच वेळी उमटला पाहिजे. एक कोपरा बराच मागे राहिला तर प्लेटन समांतर नाही किंवा त्या बाजूचे टॉगल झिजले आहे. सेटिंगने भरून निघेल असे विक्रेता म्हणाला, तर त्याला तुमच्यासमोर सेटिंग करू द्या आणि पुन्हा ठसा घ्या.

आणखी एक पुरावा विक्रेत्याच्या कपाटातच असतो : जुन्या जॉबची पॅच-अप शीट. दाब कमी पडतो तिथे ऑपरेटर टेप लावतो, आणि ती टेप प्रत्येक डायप्रमाणे वेगळ्या जागी यायला हवी. तीन-चार निरनिराळ्या डायच्या शीटवर टेपचे थर त्याच कोपऱ्यात दिसले, तर दोष डायमेकरचा नाही, मशीनचा आहे.

गिअरबॉक्स आणि मुख्य ड्राइव्हचे तेल पांढऱ्या कपड्यावर थेंबभर घ्या. तेलाचा फिल्टर उघडून मागा. लोहचुंबकाला चिकटणारा बारीक काळा चुरा काही प्रमाणात चालतो. पण सोनेरी चकाकी दिसली तर ते ब्रॉन्झचे कण आहेत, म्हणजे वर्म व्हील खाल्ले जात आहे. नुकतेच बदललेले स्वच्छ तेल पाहून समाधान मानू नका. मशीन दोन तास चालवा आणि मग पुन्हा पाहा.

चेनचा ताण देणारा स्क्रू कुठवर आला आहे ते बघा. तो शेवटच्या टोकाला गेला असेल तर चेनचे आयुष्य संपले आहे. दोन्ही बाजूंच्या चेन नेहमी जोडीनेच बदलाव्या लागतात. तो खर्च सौद्यात धरा.

शीटच्या मोजणीचा काउंटरही पाहा, पण त्याला हिशेबाची कसोटी लावा. तासाला सरासरी चार हजार शीट, दिवसाला चौदा तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर वर्षाला दीड कोटीहून जास्त ठोके होतात. पंधरा वर्षे दोन पाळ्यांत चाललेल्या मशीनचा काउंटर दोन कोटी दाखवत असेल, तर काउंटर तरी बदललेला आहे किंवा सांगितलेली गोष्ट तरी.

चाचणी तुमच्याच डायवर

बंद मशीन कधीही विकत घेऊ नका. विक्रेत्याच्या सोप्या डायवर, त्याच्या जाड बोर्डावर दोनशे शीट काढून दाखवली म्हणजे चाचणी झाली नाही. तुमची सर्वांत अवघड डाय, सर्वांत जास्त डब्यांची, घेऊन जा. त्या डायची छापील शीट निदान पाचशे न्या. सोबत मायक्रोमीटर, भिंग, खडू, टॉर्च, लोहचुंबक आणि तुमचा ऑपरेटर असू द्या. ऑपरेटरला नेणे टाळू नका. उद्या त्या मशीनवर त्यालाच उभे राहायचे आहे.

आता ग्रिपरची परीक्षा. मशीन सावकाश फिरवून प्रत्येक ग्रिपर बारला खडूने क्रमांक द्या. पहिले शीट कोणत्या बारने उचलले ते लिहून ठेवा. मग ताशी दोन हजारांच्या वेगाने शंभर शीट काढा आणि डिलिव्हरीतून उचलताना क्रम न मोडता प्रत्येकाच्या कोपऱ्यावर नंबर टाका. प्रत्येक शीटवर छपाईच्या रजिस्टर मार्कपासून कटपर्यंतचे अंतर भिंगातून मोजा. मशीनला आठ बार असतील आणि फरक ३, ११, १९, २७ या शीटवर येत असेल, तर एकच बार बिघडला आहे; तो सेट करता येतो किंवा बदलता येतो. फरक कुठेही, कसाही येत असेल तर फीडर आणि ले तपासा, तेही सुटते.

यानंतर हाच प्रयोग नेहमीच्या कामाच्या वेगाने करा. सावकाश चालवताना अचूक असलेले रजिस्टर वेगात विस्कटले, आणि फीडर-ले तर नीट आहेत, तर संशय चेनवर किंवा इंडेक्सवर जातो. इंडेक्स गिअरबॉक्स बिघडलेले मशीन कितीही स्वस्त असले तरी नव्या खरेदीदाराने घेऊ नये.

क्रीजही तपासा. क्रीजच्या चॅनेलची रुंदी साधारणपणे बोर्डाच्या जाडीच्या दीडपट अधिक पट्टीची जाडी एवढी ठेवतात. ०.४ मिलिमीटर बोर्ड आणि ०.७ मिलिमीटर पट्टी असेल तर सुमारे १.३ मिलिमीटर. योग्य चॅनेल लावूनही शीटच्या एका बाजूच्या डब्यांची घडी फुटत असेल आणि दुसऱ्या बाजूची कच्ची राहत असेल, तर दाब सारखा नाही. निघालेल्या डब्यांचा एक गठ्ठा घरी आणा आणि स्वतःच्या फोल्डर-ग्लूअरवर चालवा. ग्राहकाच्या कार्टनिंग लाइनवर डबी अडकणार असेल तर ती आधी इथे अडकते.

विजेचा भाग आणि कंट्रोल

जुन्या मशीनचे लोखंड टिकते, इलेक्ट्रॉनिक्स टिकत नाही. सीमेन्सच्या एस-५ मालिकेसारखे पीएलसी कंपनीने केव्हाच बंद केले. त्यांची कार्डे आता जुन्या मालातूनच शोधावी लागतात. असे पीएलसी असेल तर प्रोग्रामची प्रत आहे का, बॅटरी कधी बदलली, हे विचारा. प्रत नसेल आणि बॅटरी संपली, तर मशीन एका रात्रीत मुके होते. नवे पीएलसी बसवून देणारे चांगले तंत्रज्ञ आपल्याकडे आहेत, पण त्यांना वायरिंगचे नकाशे लागतात. मॅन्युअल, वायरिंग डायग्राम आणि पार्ट्स बुक यांशिवाय सौदा करू नका.

मशीन परदेशातून येत असेल तर वीजपुरवठा पाहा. युरोपचा पुरवठा आपल्यासारखाच ५० हर्ट्झचा आहे. अमेरिकेतून आलेले ६० हर्ट्झचे मशीन थेट इथे जोडले तर साध्या एसी मोटरचा वेग एक षष्ठांशाने घटतो, आणि व्होल्टेजही वेगळे असते. ड्राइव्ह किंवा ट्रान्सफॉर्मरचा खर्च आधीच विचारून घ्या.

कागदपत्रे आणि आयात

देशातल्या खरेदीत पहिला प्रश्न विचारा : मशीनवर बँकेचा बोजा आहे का? कार्टनची बरीच मशीन कर्जातून घेतलेली असतात. विक्रेती कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिच्यावरचे चार्ज पाहता येतात. तारणांची नोंद ठेवणाऱ्या ‘सरसाई’ (CERSAI) या केंद्रीय नोंदवहीतही शोध घेता येतो. बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र हाती आल्याशिवाय मशीन हलवू नका. बिल पक्के घ्या, त्यावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या, आणि तो नंबर मशीनच्या प्लेटवर जाऊन ताडून पाहा. पक्क्या बिलाशिवाय जीएसटीचे इनपुट क्रेडिट नाही, बँकेचे कर्ज नाही आणि विमाही नीट होत नाही.

आयातीत जुन्या मशीनसाठी चार्टर्ड इंजिनिअरचे प्रमाणपत्र लागते. त्यात निर्मितीचे वर्ष, नवे असतानाची किंमत आणि सध्याची स्थिती यांची नोंद असते, आणि कस्टम्स मूल्य ठरवताना ते पाहते. बिलात किंमत कमी दाखवायचा सल्ला कोणी दिला तर त्याच्यापासून दूर राहा. बंदरात अडकलेल्या मशीनचे डेमरेज रोज वाढत जाते. पॅकिंगच्या लाकडावर आयएसपीएम-१५चा शिक्का असावा, नाहीतर तिथेही अडवणूक होते. नियम बदलत असतात, म्हणून मशीन जहाजावर चढण्याआधी कस्टम्स ब्रोकरकडून त्या महिन्याची स्थिती लेखी घ्या.

समुद्रमार्गे येताना गंज हा मोठा शत्रू. कटिंग प्लेट, ग्रिपर आणि चेनला गंजरोधक तेल लावून घट्ट गुंडाळायला सांगा. माल न्हावा-शेव्याला जून-जुलैत उतरणार असेल, तर उघड्यावर पडून राहणार नाही याची सोय आधीच करा.

खरा खर्च

मशीनची किंमत म्हणजे खर्च नव्हे. खोलणे, वाहतूक, विमा, आयात असेल तर शुल्क, उतरवायची हायड्रा, पाया, वीजजोड, कॉम्प्रेसर, जोडणी करणाऱ्या इंजिनिअरची फी, चेस आणि स्ट्रिपिंगच्या फ्रेम, पहिले सुटे भाग, आणि मशीन नीट चालेपर्यंत बाहेरून करून घ्यायचे जॉब, हे सगळे बेरजेत धरा. किमतीच्या निदान पाचव्या हिश्श्याएवढी रक्कम फक्त दुरुस्तीसाठी वेगळी ठेवा. १०२ आकाराचे मशीन पंधरा टनांच्या आसपास भरते आणि त्यातले बरेचसे वजन प्लेटनच्या भागात एकवटलेले असते. भाड्याच्या गाळ्यातली फरशी ते पेलेल का, हे स्थापत्य अभियंत्याला विचारा. मशीन खोलताना प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा आणि प्रत्येक वायरवर टॅग लावा. खोलणारा आणि जोडणारा माणूस एकच असेल तर उत्तम.

पैसे टप्प्याने द्या. थोडी रक्कम विसार, मोठी रक्कम तुमच्या डायवर चाचणी झाल्यावर, आणि दहा टक्के तुमच्या कारखान्यात मशीन चालू झाल्यावर. चाचणीत कोणता वेग, कोणते रजिस्टर आणि किती वेळ हवे, ते करारात लिहा. चाचणीचा व्हिडिओ काढा आणि सोबत मिळणाऱ्या वस्तूंची यादी दोघांच्या सहीने ठेवा. लिलावातले मशीन ‘आहे तसे, आहे तिथे’ मिळते. तिथे ही मुभा नसते, म्हणून बोली त्या मानाने कमीच लावा.

हातांची किंमत

एक गोष्ट शेवटी लिहीत आहे, पण ती पहिल्यांदा तपासा. जुन्या मशीनमधले सेफ्टी स्विच बऱ्याचदा वायरने शॉर्ट केलेले असतात, गार्ड काढून कोपऱ्यात ठेवलेले असतात, कारण त्याने काम जरा भराभर होते. प्रत्येक गार्ड उघडून मशीन थांबते का ते पाहा. इमर्जन्सीचे प्रत्येक बटण दाबून पाहा. हाताने लावायच्या प्लेटनवर तर हात आत असताना जबडा थांबलाच पाहिजे. न थांबणारे मशीन फुकट मिळाले तरी घेऊ नका. यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घालण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. मशीन जुने विकत घेतले, ही त्यावर सबब होऊ शकत नाही. गार्ड आणि स्विच दुरुस्त करायचा खर्च इतर सगळ्या दुरुस्त्यांच्या आधी करा, आणि ते होईपर्यंत एकही शीट काढू नका.

प्लेटन समांतर, ग्रिपर अचूक, इंडेक्स निरोगी, भाग उपलब्ध, कागद स्वच्छ आणि गार्ड शाबूत, या सहा गोष्टी जमल्या तर मशीनचे वय विसरून सौदा करा. यांतल्या कोणत्याही एका गोष्टीवर विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर विसार देऊ नका. बाजारात जुनी मशीन येतच असतात. पुढच्याची वाट पाहा.